राजाची मर्जी असेपर्यंत

ॲबल बिडलला जाऊन तेवीस दिवस झाले होते, तेव्हा राजाचं माफीपत्र कॉल्डरवेलच्या तुरुंगात पोचलं. त्यात ॲबलचं नाव होतं.

बातमी घेऊन डॉर्कसचा भाऊ टोबी आला. नदीवर त्याची होडी चालत असे. गावात येणारी कुठलीही बातमी आधी त्याच्या होडीत बसायची आणि मग काठावर उतरायची. तो धापा टाकत आत आला. डॉर्कस आपल्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून हातमोज्यांची बोटं शिवत होती.

"डॉर्की, ऊठ. शाल घे. लंडनहून राजाचा कागद आलाय, मोठ्या मोहरेचा. तुरुंगातले तुमचे सगळे लोक सोडताहेत." मग त्याचा आवाज उतरला. "नावं वाचणारेत. त्यात… ॲबलचंही आहे गं."

"बरं," डॉर्कस म्हणाली. तिने दोरा दातांनी तोडला, सुई झग्याच्या गळ्याशी खोचली आणि शाल घेतली.

गेले तेवीस दिवस ती अशीच होती. पहिल्या आठवड्यात बायका येऊन तिच्याजवळ गप्प बसायच्या. तिला रडू येईल, मग हलकं वाटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. रडू आलं नाही. समोर ठेवलेलं सूप ती प्यायची आणि ते गरम होतं की गार, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एकदा सुई बोटात रुतली. कातड्यावर लाल ठिपका दिसला तेव्हा तिला कळलं.

डॉर्कस आणि ॲबल क्वेकर होते. ते स्वतःला नुसते ‘मित्र’ म्हणवत. कुणापुढे टोपी काढायची नाही, शपथ घ्यायची नाही आणि न्यायाधीश असो की नावाडी, सगळ्यांना एकच ‘तू’. गावाला सगळ्यात जास्त झोंबायचा तो हा ‘तू’. सात वर्षांपूर्वी ॲबलला न्यायाधीशासमोर उभं केलं आणि राजनिष्ठेची शपथ घे म्हणून सांगितलं. ॲबल म्हणाला, "मी राजाचं वाईट चिंतत नाही. पण शपथ घेणार नाही. माझं ‘हो’ म्हणजे हो." न्यायाधीशाने कायदा वाचून दाखवला. घरदार जप्त, आणि राजाची मर्जी असेपर्यंत तुरुंग.

राजाची मर्जी असेपर्यंत! ते शब्द डॉर्कसच्या डोक्यात सात वर्षं होते. सुरुवातीला तिला वाटायचं, लंडनच्या राजवाड्यात राजा रोज सकाळी उठतो, आणि ॲबल बिडल अजून आत असावा की नसावा याचा विचार करतो. एकदा जाळीतून तिने हे ॲबलला सांगितलं तेव्हा तो हसला होता. "राजाला मी माहीतच नाही गं. मला ओळखतो तो ट्रिग."

ट्रिग म्हणजे तुरुंगाचा जेलर.

*

तुरुंगाच्या अंगणात माणसं उभी होती. माफीपत्र घेऊन आलेला म्हातारा क्वेकरांपैकीच एक, ‘मित्र’ होता. गावोगाव फिरून त्याच्या बुटांचे तळवे उसवले होते. त्याच्याजवळच्या चामडी डब्यातून जी गुंडाळी निघाली ती उलगडायला दोन माणसं लागली. शिवून जोडलेली कातड्याची पानंच पानं, आणि त्यांवर नावं. देशभरातली चारशेच्या वर नावं. खाली थाळीएवढी मेणाची मोहर लोंबत होती.

शेरीफचा कारभारी लव्हॅट स्वतः वाचायला उभा होता. या जिल्ह्यातली सात नावं होती. नाव पुकारलं की दारातून एकेक जण बाहेर यायचा, उजेडाला डोळे मिचकावायचा आणि आपल्या माणसांत जाऊन मिसळायचा. कुणी ओरडलं नाही. मित्रांची तशी रीतच नव्हती.

"ॲबल बिडल, हातमोजेवाला."

कुणी आलं नाही. लव्हॅटने पानावरून मान वर केली.

ट्रिग खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "तो केव्हाच सुटला, साहेब. राजाच्या आधी."

एक-दोन पहारेकरी हसले. टोबीने मुठी वळल्या. डॉर्कसने अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे माती अजून वर आलेली होती.

"तो तिथे आहे," ती म्हणाली. "पुढचं नाव वाच."

लव्हॅट लाल झाला. एवढ्या लोकांत ‘वाच’ ऐकायची त्याला सवय नव्हती. पण त्याने पुढचं नाव वाचलं.

*

दुसऱ्या दिवशी लव्हॅटने तिला आपल्या खोलीत बोलावलं. टोबीही बरोबर गेला, आणि आत शिरताच त्याने टोपी काढून छातीशी धरली. डॉर्कस उभीच राहिली.

"बसा, बाई," लव्हॅट म्हणाला. आज तो गोड बोलत होता. "तुमच्या नवऱ्याचं वाईट झालं. आता एकच कागद उरलाय. तो कधी वारला ते लिहायचंय. ट्रिगच्या वहीत नोंद राहून गेली. अकरा सप्टेंबर, असं त्याला आठवतंय. तुम्ही खाली खूण करा, म्हणजे झालं."

"अकरा नाही," डॉर्कस म्हणाली.

"नीट आठवा. दुःखात माणसाला दिवसांचा हिशोब राहत नाही."

"मायकलच्या सणाच्या दिवशी गेला तो. आम्ही सण पाळत नाही, पण तुम्ही पाळता. मी गेले तेव्हा ट्रिगकडे हंस भाजलेला होता. जिन्यापर्यंत वास येत होता. तुझ्याही घरी त्या दिवशी हंस शिजला असेल. तूच आठव."

मायकलचा सण म्हणजे एकोणतीस सप्टेंबर, त्या दिवशी घरोघर हंस भाजायची रीत होती. टोबी टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

लव्हॅटने खुर्ची मागे सारली. "मी सरळच बोलतो. राजाने मोहर मारली तेरा तारखेला. तुम्ही म्हणता ते खरं धरलं, तर तुमचा नवरा माफी मिळालेला मोकळा माणूस होता आणि तरी सोळा दिवस तुरुंगात राहिला. मग लोक विचारतील, की त्याला खालच्या कोठडीत कुणी टाकलं, का टाकलं?"

"टोपी काढली नाही म्हणून," डॉर्कस म्हणाली. "दहा दिवस. खाली नदीचं पाणी येतं. मग ताप आला."

"कागद लंडनहून इथे यायला वेळ लागला, त्यात ट्रिगचा काय दोष? त्याला स्वप्न पडणार होतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तारीख एकोणतीस आहे."

लव्हॅट खिडकीबाहेर बघत राहिला. खिडकीतून पलीकडची गल्ली दिसत होती आणि गल्लीच्या टोकाला बिडलांचं घर. जप्तीनंतर ते घर लव्हॅटच्या विधवा बहिणीला मिळालं होतं. अकरा तारखेला मेलेला ॲबल शिक्षा झालेला कैदी म्हणून मेला असता, आणि घर गेलं ते गेलंच. एकोणतीसला मेलेल्या ॲबलची शिक्षा माफ झालेली होती. मग घर त्याच्या बायकोचं. हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"मी तुमच्यासाठी एक करू शकतो," लव्हॅट म्हणाला. "तो अंगणात पुरलाय. तुमच्या लोकांची सफरचंदाच्या बागेत पुरायची वेगळी जागा आहे ना? खूण करा, मी उद्या त्याला तिकडे हलवायची परवानगी देतो."

टोबीने बहिणीकडे पाहिलं. ती आता तरी हलेल, असं त्याला वाटलं. तिलाही वाटलं, की आत काहीतरी हलायला हवं. ती वाट बघत थोडा वेळ उभी राहिली.

"मी खोटं लिहिणार नाही," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात या रंगाचा दोरा नाही म्हणून सांगावं, तसं ती बोलली.

"मग न्यायालयात या आणि शपथेवर सांगा," लव्हॅट उठत म्हणाला. "अरे हो! तुम्ही शपथ घेत नाही, नाही का? शपथेवाचून तुमच्या शब्दाला तिथे कवडीची किंमत नाही."

*

घरी येताना टोबी तडतडत होता. "राजाचा कागद आहे! राजाचा! हा लव्हॅट कोण लागून गेला? राजाने मनात आणलं आणि एका मोहरेने चारशे माणसं बाहेर काढली. म्हणून मी बारा वर्षं सांगतोय, राजा तो राजा."

राजा परदेशातून परत येऊन गादीवर बसला, त्या वर्षी टोबी चौकातल्या शेकोटीभोवती पहाटेपर्यंत नाचला होता. होडीला त्याने राजाचं नाव दिलं होतं. ॲबल आत गेला तेव्हाही तो म्हणाला होता, की राजाला हे ठाऊक नसणार, खालचे लोक त्याच्या कानावर काही जाऊ देत नाहीत.

"टोबी," डॉर्कस म्हणाली, "त्याला एका मोहरेने काढता येत होतं?"

"तेच तर सांगतोय!"

"मग सात वर्षं का नाही काढलं?"

टोबी थांबला. "पार्लमेंट… पार्लमेंटवाले करू देत नव्हते. तुमच्या लोकांवरचे कायदे त्यांनी केलेत. त्याने काय करायचं?"

"म्हणजे त्याला येत नव्हतं."

"येत होतं गं, पण…" तो ओठ चावत राहिला. "तू मुद्दाम उलटं विचारतेस."

ती मुद्दाम विचारत नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. राजाच्या हातात सगळं असेल तर ॲबल राजामुळे मेला. राजाच्या हातात काही नसेल, तर कुणामुळे? उत्तर सापडलं तर निदान एखाद्या माणसाचा राग तरी येईल, असं तिला वाटलं होतं. पण ती घरी पोचली, चूल पेटवली, आणि प्रश्नही विझून गेला.

*

क्वेकर मित्रांनी तिच्यासाठी वकील दिला. खटला मार्चमध्ये उभा राहणार होता, जिल्ह्याला फिरते न्यायाधीश येतील तेव्हा. वकील तरुण होता, आणि त्याच्या नाकाचा शेंडा थंडीने सदा लाल असे. तो म्हणाला, "शपथेवर तारीख सांगणारा कुणीतरी हवा. तुमच्या लोकांपैकी चालणार नाही. त्या दिवशी तुरुंगात आणखी कोण होतं?"

"टोबी होता," डॉर्कस म्हणाली. "माझ्या आधी पोचला होता."

टोबीने तिकडे पाठ केली आणि चुलीत लाकूड सारलं. त्याच्या होडीचा परवाना दरवर्षी लव्हॅटच्या सहीने मिळायचा. त्याला गळ घालावी, शिव्या द्याव्यात, भाऊ आहेस ना म्हणावं, यातलं काही तिला सुचलं नाही. टोबीला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

सुनावणीच्या चार दिवस आधी लंडनहून बातमी आली. तीही टोबीच्याच होडीतून उतरली. गेल्या वर्षी राजाने आपल्या एकट्याच्या अधिकारात जाहीर केलं होतं, की वेगळी प्रार्थना करणाऱ्यांवरचे कायदे आता चालणार नाहीत. पार्लमेंट भरलं आणि म्हणालं, कायदे असे बाजूला ठेवायचा हक्क राजाला नाही, आणि हे मागे घेतल्याशिवाय तुला पैसा नाही. राजाने मागे घेतलं. स्वतःच्या हाताने मोहर फोडली म्हणे.

टोबी संध्याकाळी आला आणि दारातच बसला.

"स्वतःच्या हाताने," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"राजा आहे तो, डॉर्की!"

डॉर्कसने त्याच्यापुढे पाव आणि चीज ठेवलं. त्याने हात लावला नाही.

"मी येतो," तो म्हणाला. "साक्षीला."

*

न्यायालयात गर्दी होती. लव्हॅटच्या वकिलाने आधी माफीपत्रावरच बोट ठेवलं. राजाने आपलं फर्मान मागे घेतलंय, तर क्वेकरांना दिलेली माफी तरी कशी उभी राहील? न्यायाधीश म्हातारा आणि बहिरा होता. त्याने हाताचा पंजा कानाशी धरून सगळं ऐकलं.

"दोन गोष्टी एका टोपलीत घालू नका," तो म्हणाला. "कायदा बाजूला ठेवायचा हक्क राजाला आहे की नाही, यावर भांडण झालं आणि राजाने माघार घेतली. पण झालेली शिक्षा माफ करणं हा राजाचा जुना हक्क. त्याला पार्लमेंटनेही हात लावलेला नाही. मोहर लागली त्या दिवसापासून माफी खरी. आता मला एवढंच सांगा, माणूस त्या दिवशी जिवंत होता का?"

ट्रिगने बायबलवर हात ठेवला आणि अकरा तारीख सांगितली. मग टोबी उभा राहिला.

"एकोणतीस सप्टेंबर, महाराज. मायकलचा सण."

"इतकं पक्कं कसं आठवतं?" लव्हॅटच्या वकिलाने विचारलं. "नदीवरच्या माणसाला सगळे दिवस सारखेच."

टोबीने बहिणीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी बहिणीच्या आधी पोचलो. ट्रिग जेवत होता. म्हणाला, सणाचा दिवस आहे, बस. हंसाची तंगडी दिली. मला भूक लागली होती, महाराज. मी खाल्ली. चोखून खाल्ली. बिअर प्यायलो. हसलोसुद्धा कशावरून तरी. मग ट्रिग हात पुसत म्हणाला, अरे, तुझा मेहुणा सकाळीच गेला, सांगायचं राहिलं. तोवर ॲबल आत तसाच पडून होता. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तारीख मला मरेपर्यंत आठवेल."

न्यायाधीशाने कानावरचा हात खाली घेतला आणि ट्रिगकडे पाहिलं. ट्रिग जमिनीकडे बघत होता.

कोणी स्वतःबद्दल असं रचून सांगत नाही, एवढंच न्यायाधीश म्हणाला. ॲबल बिडल मोकळा माणूस म्हणून वारला असं त्याने लिहवून घेतलं, आणि घर त्याच्या विधवेला दिलं. खालच्या कोठडीबद्दल कुणी विचारलं नाही, कारण खटला घराचा होता. ट्रिगला कुणी काही केलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर टोबी तिची वाट बघत होता.

"बोल काहीतरी," तो म्हणाला. "शिव्या दे."

डॉर्कसने थोडा विचार केला. "कसं होतं?"

"काय?"

"मांस."

टोबीचा चेहरा वेडावाकडा झाला. "चांगलं होतं," तो म्हणाला आणि पायरीवर बसून पोरासारखा रडायला लागला. डॉर्कस त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा हे तिला कळत होतं, म्हणून तिने ठेवला, आणि तो थांबेपर्यंत तसाच राहू दिला.

*

मे महिन्यात लव्हॅटने होडीचा परवाना दुसऱ्याला दिला. टोबी मोठ्या गलबतावर हमालीला लागला आणि खालच्या बंदराकडे गेला. ॲबलला बागेत हलवायची परवानगी मिळाली नाही. नवा हुकूम हवा, तो वरून यायला हवा, असं सांगितलं गेलं. वरून म्हणजे कुठून, हे डॉर्कसने विचारलं नाही. मित्रांच्या सभा पुन्हा बेकायदा झाल्या होत्या, तरी दर आठवड्याला ते तिच्या घरी जमत. जुलैत शिपायांनी येऊन बाकं मोडली. तेव्हापासून ते जमिनीवर बसत.

पण त्याआधी, एप्रिलमध्ये, ती घरात राहायला गेली त्याच आठवड्यात, लव्हॅटची बहीण दाराशी आली होती. बारीक चणीची, घाबरलेली बाई. हातात रिकामी टोपली.

"मागे माझे कोबी आहेत," ती म्हणाली. "मी लावलेले. तुमची हरकत नसेल तर…"

"तुझेच आहेत. ये," डॉर्कस म्हणाली.

‘तू’ ऐकून बाई क्षणभर दचकली. मग आत आली. दोघी परसात गेल्या. माती ओली आणि थंडगार होती. बाई वाकून एकेक गड्डा कापू लागली आणि डॉर्कसने टोपली धरली.

"मला तारखेचं काही माहीत नव्हतं," बाई मान वर न करता म्हणाली. "भावाने चावी आणून दिली, मी राहिले. खरंच सांगते."

"बरं."

"तुम्हाला माझा राग येत असेल."

"नाही येत," डॉर्कस म्हणाली. ते खरंच होतं. "अजून कशाचंच काही येत नाही."

बाईने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "माझे हे गेले तेव्हा दोन वर्षं तसंच होतं," ती म्हणाली. "लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे."

"मग?"

"मग काय? एक दिवस दात दुखला. इतका दुखला की मी घर डोक्यावर घेतलं." तिने कोबीची बाहेरची सडकी पानं काढून टाकली. "हे चार राहू देते. लहान आहेत अजून. तुम्ही खा."

"घेऊन जा. मला एकटीला किती लागतात?"

"राहू दे," बाई म्हणाली, आणि आपल्याही तोंडून ‘तू’ गेलं हे लक्षात येऊन गोंधळली. पण डॉर्कसला त्यात काही वावगं वाटलं नाही. टोपली जड झाली होती. दोघींनी एकेक कडी धरली आणि ती गल्लीपर्यंत नेली.